उजवीकडची पट्टी

१

बॉयलर फुटून आकाराम धनवडे मेला त्याला सतरा दिवस झाले होते, आणि त्या सकाळी त्याच्या दारावर कुणीतरी गटारातला काळा गाळ थापून ठेवला होता. पार कडीपर्यंत. वास गल्लीच्या तोंडाशी येत होता. मी क्लासला निघाले होते, नाकाला पदर लावून थांबले. आकारामची बायको तानामावशी खराट्यानं तो गाळ खाली ओढत होती.

"कुणी केलं हे?"

"आक्कानं. दिसली की मला खिडकीतनं." तिनं खराटा झटकला. "काय बोलू तिला? तिचाबी नवरा गेलाय न्हवं."

आक्काताईचा नवरा जोतीराम त्याच प्रोसेस हाऊसमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर होता. मशीन बॉयलरच्या भिंतीला लागून. २००३ सालच्या फेब्रुवारीत, दुपारी चार चाळीसला ती भिंत जोतीरामच्या अंगावर आली. आकाराम तर बॉयलर सांभाळणारा, समोरच होता. त्याला गोणपाटात बांधून आणलं, तोंडसुद्धा दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यानं जाहीर केलं की आकारामला ड्यूटीवर झोप लागली, बॉयलरमधलं पाणी कमी झालं ते त्यानं बघितलं नाही, म्हणून दोन जीव गेले. वस्तीनं ते खरं धरलं. तेव्हापासून नळावर तानामावशीची घागर कुणी पुढं सरकू देत नव्हतं.

"रूपाली, तू शिकलेली हायस. हे वाचून दाखव की," ती म्हणाली आणि ओले हात लुगड्याला पुसून तिनं एक पाकीट आणून दिलं. चौकशी अधिकाऱ्यांची नोटीस होती. आठ दिवसांनी सुनावणी, मयताच्या वारसांना काही म्हणायचं असेल तर म्हणावं. सोबत कारखान्याचा अहवाल दोन पानांचा, आणि तिसऱ्या पानावर कॉम्प्युटरवर काढलेला चार्ट.

चार्टवर दोन रेघा होत्या. वरची पाण्याची. सकाळी दहापासून सत्तर टक्क्यांवर सरळ चालत आलेली, आणि साडेतीननंतर धाडकन खाली. दुसरी दाबाची. ती तळाला चिकटून इकडून तिकडं सपाट. खाली लिहिलं होतं, 'वाफेचा दाब दिवसभर स्थिर. पाण्याची पातळी अटेंडंटच्या झोपेमुळे घटली.' डाव्या बाजूला शून्य ते शंभर अशी एकच मोजपट्टी. उजवी बाजू कोरी. फक्त त्या कोऱ्या जागेत उभा एक शब्द होता, 'दाब'.

मी तो शब्द बघत राहिले. त्याच्याजवळ एकही आकडा नव्हता. तिथं त्याचं काही कामच नव्हतं.

लक्ष्मीपुरीत माझा कॉम्प्युटरचा क्लास होता, सात मशीनचा. त्या वेळचा आमचा मराठी फाँट चार्टच्या पट्टीच्या शीर्षकात उभा केला की अक्षरं फुटायची. त्यावर मी एक उपाय काढला होता. शीर्षक द्यायचंच नाही, शेजारी वेगळी चौकट काढून त्यात शब्द लिहायचा. दुसऱ्या कुठल्या क्लासमध्ये हे शिकवलेलं मी पाहिलं नव्हतं.

हा कागद माझ्याच हाताखाली शिकलेल्या कुणीतरी केला होता.

२

पाणी मोजतात टक्क्यांत, शंभरापर्यंत जातं. वाफेचा दाब मोजतात किलोत, आणि त्या बॉयलरचा दाब फार तर दहापर्यंत जायचा. दोन्ही एकाच पट्टीवर काढले तर दाबाची रेघ तळाला झोपणार. आठाचे बारा झाले तरी कुणाला दिसणार नाही. म्हणून दाबाला उजवीकडं त्याची वेगळी पट्टी द्यायची असते. या चार्टला ती कधीतरी दिलेली होती. मग कुणीतरी ती काढली, पण चौकटीतला शब्द मागं राहिला.

आणि माझ्या क्लासमधली एक मुलगी त्या प्रोसेस हाऊसच्या ऑफिसात नोकरीला होती. सौंदर्या. निपाणीकडची, चार्टमध्ये सगळ्यात हुशार.

मी तिला भेटायला म्हणून हातकणंगले रस्त्यावरच्या कारखान्यात गेले. फाटकातून आत गेल्याबरोबर मी पुन्हा नाकाला पदर लावला. रंगाचं पाणी उघड्या चरातून वाहत होतं, जांभळं, वर फेस. एक मेलेली घूस त्यात फिरत होती. फुटलेल्या बॉयलरच्या जागी पत्रे लावले होते आणि दहा पावलांवर नव्या भिंतीचं काम सुरू होतं. मेलेल्या माणसांना अजून महिना झाला नव्हता आणि इथं गवंडी गाणं लावून विटा रचत होते.

सौंदर्या कामावर नव्हती. बॉयलर फुटल्यापासून रजेवर. मॅनेजर गणपतराव टेबलामागं तंबाखू मळत बसले होते.

"मी त्या दिवशी कोर्टात हुतो, बाई. जमिनीची तारीख हुती," मी न विचारताच ते म्हणाले. "एक वाजता गेलतो, सहाला आलो. आलो तवा सगळं झालं हुतं."

"हा चार्ट कुणी केला?"

"मला त्या डब्यातलं काय कळत न्हाय. सौंदर्या करती रोजचा. मालक सांगतील तसं."

"दाब वाढला होता का त्या दिवशी?"

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. "रेघ सरळ हाय की. आठ असंल, न्हाय तर नऊ. ह्यातनं कुणाला कळतंय?" आणि टेबलाखालच्या डब्यात पचकन थुंकले.

फिटर मल्लेश पत्र्याजवळ बसून भडंग खात होता. तिशीचा, धिप्पाड. मी आकारामच्या घरून आले म्हटल्यावर त्याचा हात थांबला.

"रीडिंग कुठलं मशीन घेतं?" मी विचारलं.

"मशीन कुठलं? आकाराम काचेत पाणी बघायचा, काट्यावर दाब बघायचा, वहीत लिवायचा. तासाला एकदा."

"ती वही कुठं आहे?"

"जळली की. बॉयलरच्या बाजूलाच अडकवलेली असायची. राखबी घावली न्हाय." तो थोडा थांबला आणि म्हणाला, "सेफ्टी वाल बरोबर हुता. मी बघितलाय."

दाब वाढला की आपोआप उघडून वाफ सोडणाऱ्या त्या वालबद्दल मी काहीच विचारलं नव्हतं.

बसमध्ये मी चार्ट पुन्हा उघडला. शेवटचं रीडिंग साडेचारचं. वही चार चाळीसला जळाली. मग वहीतले साडेचारचे आकडे ऑफिसात आले कुठून? आणि दुसरी गोष्ट मला तेव्हाच दिसली. दुपारी दोनपर्यंत रीडिंग तासाला एक होतं. दोननंतर अर्ध्या तासाला. दोन, अडीच, तीन, साडेतीन, चार, साडेचार. झोपलेला माणूस रीडिंग घेत नाही. हा माणूस नेहमीपेक्षा दुपटीनं घेत होता, आणि कुणालातरी कळवत होता.

३

मालक शिवय्या मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी भेटले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढराशुभ्र शर्ट, बोलणं मऊ. पत्नी शांतादेवींनी दूध आणि पेढे आणून ठेवले.

"आकाराम आपला माणूस हो, मॅडम," ते म्हणाले. "पंधरा वर्षं होता. त्याच्या बायकोला काय लागलं सवरलं तर आम्ही हाय की. पण चूक ती चूक. झोपला तो."

"तुम्ही त्या दिवशी कारखान्यात होता?"

"मी निपाणीला. मेव्हणीच्या पोरीचं लग्न. सकाळी गेलो, रात्री बातमी कळल्यावर परत. ताटावरनं उठलो हो." त्यांनी पेढ्यांची बशी पुढं सरकवली. "घ्या. पहिल्यांदा घरी आलाय."

मी पेढा घेतला. घ्यायला नको होता.

"बॉयलर दाब वाढल्यानंही फुटतो म्हणतात," मी म्हणाले.

शिवय्या हसले. लहान मुलाला समजवावं तसं. "कोण म्हणतं? अवो, बॉयलर दणकट असतो. तेरापर्यंत गेला म्हणून काय फुटत नाही. आत पाणी नसलं की फुटतो. तो झोपला, पाणी संपलं. देवाची मर्जी, दुसरं काय?"

मी पेढा तोंडात टाकला होता. तो तसाच राहिला.

अहवालात दाबाचा एकही आकडा नव्हता. होती ती फक्त रेघ. रस्त्यावर येऊन मी चार्टवर फूटपट्टी ठेवली. एका घरात दहा आकडे, आणि दाबाची रेघच चार-पाच आकड्यांइतकी जाड. त्यातून तेरा वाचणं कुणालाही शक्य नव्हतं. रोज त्या बॉयलरजवळ वावरणाऱ्या गणपतरावांना आठ की नऊ ते कळलं नव्हतं. आणि निपाणीला लग्नात जेवत असलेल्या माणसाला तेरा पाठ होतं.

कोपऱ्यावर गटार होतं. मी वाकून पेढा थुंकले, मग नळावर तीनदा चूळ भरली. तरी खव्याचा गोडवा जिभेवरून जाईना.

तेरा हा आकडा त्यांना कुणी सांगितला होता हे आता मला माहीत होतं. फक्त तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

४

सौंदर्या मंगळवार पेठेत मावशीकडं राहत होती. दार तिनंच उघडलं. केस विंचरलेले नव्हते, खोलीत उष्टं ताट पडलेलं, त्यावर माश्या. मी चार्ट तिच्यासमोर धरला आणि उजवीकडच्या शब्दावर बोट ठेवलं.

ती खाली बसली.

"निपाणीकडचीच तू. शिवय्या तुझे कोण लागतात?" मी विचारलं.

"मावा. आईचे भाऊ." त्यांच्याकडं मामाला मावा म्हणतात.

मग ती बोलली. मध्येच कानडीत जायची, परत मराठीत यायची. दोन वाजता आकारामनं बॉयलरवरच्या फोनवरून ऑफिसात फोन केला की दाब दहावर आलाय आणि चढतोय. गणपतराव नव्हते. तिनं माव्याला मोबाईलवर कळवलं. मावा म्हणाला, चालू ठेव म्हणून सांग, सहाला गाडी भरायची हाय, आणि दर अर्ध्या तासाला मला आकडा दे. अडीचला अकरा. तीनला पावणेबारा. साडेतीनला साडेबारा.

"साडेतीनला काय म्हणाला आकाराम?"

"म्हणाला, पंप पाणी आत ढकलंना झालाय. आतला दाब पंपापेक्षा जास्त झालाय. बंद करू का विचारा." तिनं नाक ओढलं. "मी विचारलं. मावा म्हणाला, सारखं सारखं काय फोन करतीस, पंगत बसलीय. चालू ठेव."

म्हणजे पाणी कमी झालं म्हणून दाब वाढला नव्हता. दाब वाढला म्हणून पाणी जाईना. आधी कोण आणि मागून कोण, हे एका उजव्या पट्टीवर सगळं उघडं दिसलं असतं.

"चारला तेरा," ती म्हणाली. "साडेचारला साडेतेराच्या जवळ. तेव्हा तो म्हणाला, ताई, वाल उघडंना. आदल्या दिवशी मल्लेशनं आवळलाय त्यो, वाफ वाया जाती म्हणून. मालकानं सांगितलं हुतं म्हणं."

"मग त्यानं स्वतः बॉयलर बंद का नाही केला?"

"दिवाळीत एकदा केलता. आठ दिवस फाटकाबाहेर उभा केला त्याला. सगळ्यांसमोर."

बाहेर मावशी कुकर लावत होती. शिट्टी झाली तशी सौंदर्या दचकून भिंतीला टेकली. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही.

"आणि चार्ट?"

"रोजच्यासारखा दोन पट्ट्यांचा केलेला होता. साडेचारपर्यंत आकडे भरले होते. रात्री मावा आला, शेजारी खुर्ची घेऊन बसला. म्हणाला, पाणी पडलेलं दिसू दे, दाब नको. साहेब लोक कॉम्प्युटरचा कागद म्हटल्यावर काय विचारत न्हाईत." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. "कसं करायचं ते मला माहीत होतं. तुम्हीच शिकवलात की, मॅडम. सगळे हसलो होतो. साहेबाला रेघ आवडली न्हाय तर तिची पट्टी काढून मोठ्या पट्टीवर टाका, गप झोपती, म्हणालात."

म्हणाले होते. प्रत्येक बॅचला म्हणत होते. पोरं हसायची म्हणून.

"शब्द मी मुद्दाम ठेवला," ती म्हणाली. "कुणाला तरी दिसंल म्हणून."

"तीन आठवडे होत आले, सौंदर्या. त्या बाईच्या दारावर लोक गटार टाकतायत. आणि तू एक शब्द ठेवून इथं जेवतीयस?"

 उठून तिनं पेटीतून साडीच्या घडीखालची एक फ्लॉपी काढली आणि माझ्यासमोर फरशीवर ठेवली. दोन पट्ट्यांचा चार्ट त्यात होता, त्या दिवशीचाच.

"सुनावणीला येशील?"

"मावा मारून टाकंल मला."

मी फ्लॉपी उचलली आणि निघाले. दार मी जोरात ओढून घेतलं, आणि तो सगळाच राग तिच्यावरचा नव्हता.

५

सुनावणी कोल्हापुरात चौकशी अधिकाऱ्यांच्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर होती. शिवय्या पांढऱ्या शर्टात पहिल्या खुर्चीवर, शेजारी गणपतराव, मागं मल्लेश. आक्काताई दारापाशी भिंतीला टेकून उभी, जोतीरामकडची म्हणून तिलाही नोटीस होती. तानामावशी माझ्याजवळ. सौंदर्या नव्हती.

मी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "साहेब, आकडे तेच आहेत. फक्त दुसऱ्यात दाबाला त्याची स्वतःची पट्टी दिलीय."

अधिकारी चष्मा लावून वाकले. दुसऱ्या कागदावर दाबाची रेघ दोन वाजल्यापासून चढत होती, साडेदहाच्या लाल खुणेच्या वर जात होती, आणि पाण्याची रेघ दीड तासानं, तिच्या मागून, पडायला लागली होती.

"आधी दाब," ते पुटपुटले. "मग पाणी."

"आता हे आकडे कुठून आले ते बघा," मी म्हणाले. "वही चार चाळीसला जळाली, असं कारखान्याचा फिटरच सांगतो. साडेचारचा आकडा त्याआधी ऑफिसात पोचला होता. म्हणजे आकाराम कळवत होता. दोननंतर अर्ध्या तासाला कळवत होता, म्हणजे त्याला कुणीतरी तसं सांगितलं होतं. गणपतराव कोर्टात होते, तिथं हजेरीची सही असेल. त्यांना दाब किती ते आजही ठाऊक नाही. मालक निपाणीला होते. अहवालात आकडा नाही, रेघेवरून वाचता येत नाही. तरी मालक मला म्हणाले, तेरापर्यंत गेला म्हणून काय फुटत नाही."

"मी असं बोललोच नाही," शिवय्या शांतपणे म्हणाले. "ह्या बाईला कुणी फूस लावलीय ते मला माहीत हाय."

"तुमच्या मोबाईलचं बिल मागवू या की," अधिकारी म्हणाले. "त्यात दिसेल."

मागं खुर्ची सरकली. मल्लेश उठून उभा राहिला होता. तोंड राखेसारखं झालेलं.

"वाल मी आवळला, साहेब," तो म्हणाला. "मालकांनी सांगितलं, वाफ वाया जाती. मी म्हटलं हुतं दोन आटे पुरं. ते म्हणाले, पार बशीव." मग तो खाली बसला आणि दोन्ही हात मांडीखाली घातले, कुणाला दिसू नयेत तसे.

दारात सौंदर्या उभी होती. केव्हा आली होती कुणास ठाऊक. अधिकाऱ्यांनी तिला आत बोलावलं. ती माव्याकडं न बघता बोलली, पाठ केल्यासारखी, दोन वाजल्यापासून साडेचारपर्यंत. शेवटी म्हणाली, "चारच्या फोनला मागं सनई ऐकू येत होती."

 गणपतराव तोंडातली तंबाखू गिळून बसले होते.

शिवय्या उठले. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी तानामावशीसमोर येऊन हात जोडले, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. "ताई, माझ्या हातात काय होतं? देवाची मर्जी."

तानामावशीनं त्यांच्या जोडलेल्या हातांकडं बघितलं. अंगठ्या होत्या, दोन.

"देव फोनवर नव्हता," ती म्हणाली. "तुमी हुता."

त्यांनी हात खाली घेतले. परत खुर्चीवर जाऊन बसले आणि खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, जेवण झाल्यावर पुसावं तसं. ते बघून मला इतकी किळस आली की मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

आकारामचं नाव अहवालातून निघालं. शिवय्या आणि मल्लेशवर गुन्हा दाखल झाला. शिवय्यांना तिसऱ्या दिवशी जामीन मिळाला. मल्लेशला मिळवून द्यायला कुणी आलं नाही, तो पाच आठवडे आत राहिला. सौंदर्या निपाणीला परत गेली नाही, कागलला एका दवाखान्यात कामाला लागली असं मी ऐकलं. मी तिला भेटले नाही. क्लासमध्ये चार्ट शिकवताना मी आता फक्त चार्ट शिकवते, आणि पोरं म्हणतात मॅडम पूर्वी मजेशीर होत्या.

त्या दिवशी आम्ही जिना उतरलो तेव्हा खाली आक्काताई थांबली होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, तानामावशीच्या हातातली पिशवी घ्यायला हात केला.

"चल तानाबाई," ती म्हणाली. "मिळून जाऊ घरला. आजपासनं पाण्याला तू माझ्याफुडं उभी ऱ्हा."

तानामावशीनं पिशवी सोडली नाही.

"येईन की," ती म्हणाली. "पण आज न्हाय, आक्का. तुझ्या हाताचा वास जाऊ दे आदी."

आणि रिक्षाला हात न करता, रणरणत्या उन्हात, ती एकटी पुढं चालायला लागली.